माऊची पहिली मॅच आणि आजोबांची वही

माझ्या लेकीने आयुष्यातली पहिली मॅच मैदानात बसून पाहिली ती २६ ऑक्टोबर २०२५ ला, रविवारी, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. महिला वर्ल्ड कपमधली भारत-बांगलादेश. त्या मॅचचा निकाल लागला नाही. चारच दिवसांनी त्याच मैदानावर आपल्या मुलींनी ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं, पुढच्या रविवारी त्याच मैदानावर वर्ल्ड कप उचलला, आणि तेव्हापासून भेटेल तो मला म्हणतो, "अगं, आठवडाभराने हुकलं की गं तुमचं!" म्हणून लिहायला बसले आहे. आमचं काहीही हुकलं नाही.

हे सामने खरं तर बंगळुरूला व्हायचे होते. ते नवी मुंबईला हलवल्याची बातमी ऑगस्टमध्ये आली तेव्हा माझ्या बाबांनी पेपरची घडी करून ते पान माझ्या पुढ्यात ठेवलं. "ठाण्याहून एका लोकलचा तर प्रश्न आहे. आता नाही दाखवलीस पोरीला, तर कधी दाखवणार?" साखळी सामन्यांची तिकिटं १०० रुपयांपासून होती. मी दोन काढली, माझं आणि माऊचं. माऊ आठ वर्षांची आहे, तिसरीत. नवऱ्याची रविवारी ड्यूटी होती. बाबांचे गुडघे आता नौपाड्यातल्या आमच्या दोन जिन्यांनाच कंटाळतात, तिथे स्टेडियमच्या पायऱ्या कुठल्या चढणार? "मी टीव्हीवर बघेन, पण वही तिच्याकडे देणार," असं मात्र त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

वहीबद्दल सांगायला हवं. बाबा बँकेत होते. बँकेचा संघ टाइम्स शील्ड, म्हणजे ऑफिसांच्या संघांची क्रिकेट स्पर्धा, खेळायचा. बाबांना बॅटिंग-बोलिंग बेताचीच यायची, पण अक्षर मोत्यासारखं. एकदा नेहमीचा स्कोअरर आजारी पडला म्हणून त्यांच्या हातात स्कोअरबुक दिलं, ते थेट निवृत्तीपर्यंत त्यांच्याच हातात राहिलं. माझ्या लहानपणी रविवार सकाळ म्हणजे टोपी, दोन टोकदार पेन्सिली, रुमालात गुंडाळलेली वही आणि बाबा मैदानावर. शेजारी राहणाऱ्या मुलांना त्यांचे बाबा खेळाडूंच्या सह्या मिळवून द्यायचे. मला माझ्या बाबांनी स्कोअर लिहायला शिकवलं. मी दहावीपर्यंत जेलजवळच्या सेंट्रल मैदानावर त्यांच्या शेजारी बसून लिहायचे.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी माऊला धरलं. एका चेंडूची नोंद तीन ठिकाणी करायची: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या चौकोनात आणि एकूण धावांच्या पट्टीवर. धाव नसेल तर टिंब. वाइडला अधिकचं चिन्ह, नो-बॉलला वर्तुळ, बायला त्रिकोण आणि लेगबायला उलटा त्रिकोण. षटकात एकही धाव निघाली नाही तर सहा टिंबं रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा. खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं, म्हणजे काय चुकलं होतं तेही पुढच्याला दिसतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंचांनी खूण केली की स्कोअररने हात वर करून पोच द्यायची. "पोच मिळाल्याशिवाय पंच खेळ पुढे नेत नाहीत. नियमच आहे तसा," बाबा म्हणाले. माऊचे डोळे एवढे मोठे झाले! आपण हात वर केला नाही तर अख्खी मॅच थांबते, ही गोष्ट तिच्या मनात घर करून बसली.

सरावाची मॅच घरीच झाली. भाऊबीजेला भारत-न्यूझीलंड. ओवाळून झालं, फराळाची ताटं मध्येच ठेवून माऊ टीव्हीसमोर वही घेऊन बसली आणि त्या दिवशी आपल्या सलामीच्या जोडीने २१२ धावा केल्या. स्मृती मानधना १०९, प्रतीका रावल १२२. प्रतीकाची ओळ भरून पुढे सरकली, समासात गेली, तिथूनही वळून खाली आली. माऊला आधी फक्त स्मृती माहीत होती, कारण ती सांगलीची आणि टीव्हीवरच्या जाहिरातींत दिसते. त्या रात्री मात्र ती प्रतीकाची झाली. "आई, हिची ओळ वहीत मावतच नाही," हे तिने आत्याला, मामाला, वॉचमनकाकांना, सगळ्यांना सांगितलं.

रविवारी आम्ही जेवून निघालो. ट्रान्स-हार्बर लोकलला खिडकी मिळाली. ऐरोली, रबाळे, घणसोली. डावीकडे पारसिकचा डोंगर आणि त्यावर काळं आभाळ टेकलेलं. ऑक्टोबर संपत आला तरी पाऊस काही जायचं नाव घेत नव्हता. नेरुळला उतरलो तर फलाटावर निळे टीशर्टच टीशर्ट, आणि त्यांत मुलीच मुली. एका बापाच्या खांद्यावर तीनेक वर्षांची पोर, पाठीवर १८ नंबर आणि स्मृतीचं नाव, टीशर्ट तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलेला.

गेटवर कळलं की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. माझ्याकडे चकलीचा डबा होता. आमच्या पुढच्या कुटुंबाकडे शंकरपाळे, मागच्या दोघा म्हाताऱ्यांकडे पोह्यांचा चिवडा. फेकणार कोण? मग रांगेतच सगळ्यांनी डबे उघडले आणि एकमेकांचा फराळ खात आम्ही पुढे सरकलो. तपासणीच्या बाईंनी माऊच्या पिशवीतून वही काढली, पानं उलटली आणि विचारलं, "हे काय गं?" माऊ म्हणाली, "मी स्कोअरर आहे." बाईंनी पेन्सिलींची टोकं बघितली, माऊकडे बघितलं आणि सगळं परत पिशवीत ठेवलं.

आत गेल्यावर मुलं काय म्हणतात याची मला उत्सुकता होती. केवढं मोठं, केवढं हिरवं, असं काहीतरी म्हणेल असं वाटलं होतं. माऊ जागेवर बसली, पाच मिनिटं गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, इथे कोणी बोलत का नाहीये?" आजूबाजूला एवढा आरडाओरडा चाललेला, मला कळेचना. मग लक्षात आलं. तिला कॉमेंट्री हवी होती. तिने पाहिलेल्या प्रत्येक मॅचमध्ये कुणीतरी सतत सांगत असतं की आता काय झालं, का झालं. इथे सांगणारं कोणी नव्हतं. "आता तूच बघायचंस आणि तूच ठरवायचंस," मी म्हटलं. ती जरा ताठ बसली.

दुसरी गोष्ट तिने पहिल्या दोन-तीन षटकांत पकडली. "चेंडू आधी जातो आणि टॉक नंतर ऐकू येतं." आम्ही खेळपट्टीपासून शंभरेक मीटरवर असू. आवाजाला तेवढं अंतर यायला पाव सेकंदाहून जरा जास्तच लागतो. टीव्हीवर हे कधीच कळत नाही, कारण तिथला माइक स्टंपांत असतो. त्यानंतर ती प्रत्येक फटक्याला बोट वर धरून आवाजाची वाट बघायची, आवाज आला की लिहायची.

आणि हात. पहिला चौकार गेला, पंचांनी छातीसमोर हात हलवला, तशी माऊ खुर्चीवर उभी राहिली आणि तिने उजवा हात सरळ वर केला. पंच वळले, गोलंदाज परत निघाली, खेळ सुरू झाला. माऊने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे मिळाली पोच. खरे स्कोअरर त्यांच्या जागी बसून त्यांचं काम करत होतेच, पण ते मी तिला सांगितलं नाही, सांगायची गरजही वाटली नाही. पुढे बसलेल्या क्रिकेट कोचिंगच्या दहा-बारा मुलींनी हा प्रकार बघितला. त्यांच्या सरांनी मागे वळून कारण विचारलं, माऊने नियम सांगितला. पुढच्या चौकाराला आमच्या त्या कोपऱ्यात तेरा हात वर होते.

त्या दिवशी उमा छेत्री आपल्यासाठी यष्टिरक्षण करत होती. आसामची मुलगी, वन-डेतली तिची पहिलीच मॅच. मी हे सांगितल्यावर माऊ म्हणाली, "माझी पण." आणि नाव लिहिताना उमापुढे एक छोटी चांदणी काढली. स्कोअरबुकात चांदणीला काही अर्थ नाही. बाबांनी नंतर ती पाहिली आणि काही बोलले नाहीत.

मग पाऊस. बारा-तेरा षटकं झाली असतील नसतील, धावत कव्हरं आली. या स्टेडियमची एक गोष्ट मला फार आवडते, छपराला मध्ये खांब नाहीत. त्यामुळे पाऊस पडला तरी आम्ही कोरडे आणि समोरचं सगळं दिसतंय. पावसातल्या मैदानाकडे एवढा वेळ मी याआधी कधीच बघितलं नव्हतं. प्रकाशझोतांत थेंब तिरपे पडताना दिसतात. कव्हरावर साचलेलं पाणी माणसं एका बाजूला ओढून नेतात, की ते घडीवरून धबधब्यासारखं कडेला ओघळतं. माऊने वहीत "पाऊस" लिहून पुढे वेळ टाकली. बाबांनी यासाठी त्यांचं चावीचं एचएमटी घड्याळ तिच्या मनगटावर बांधून दिलं होतं, पट्ट्याला दोन जादा भोकं पाडून.

बराच वेळ गेला. कोचिंगच्या मुलींनी पायऱ्यांवर गाण्याच्या भेंड्या लावल्या. माझ्या शेजारच्या आजी कोपरखैरण्याहून नातवासोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी मुलींचं क्रिकेट असतं हेच माहीत नव्हतं. आता हा मला नावं शिकवतो." नातवाचं वय असेल अकरा. त्याला राधा यादवची सगळी माहिती पाठ होती. त्या दिवशी तिने तीन विकेट काढल्या तेव्हा, कांदिवलीत वाढलेल्या त्या मुलीसाठी, तो आवाज बसेपर्यंत ओरडला.

खेळ पुन्हा सुरू झाला तो प्रत्येकी २७ षटकांचा. आणि एकविसाव्या षटकात ते झालं. दीप्ती शर्मा गोलंदाजी करत होती. चेंडू डीप मिडविकेटकडे गेला, प्रतीका तो अडवायला धावत आली आणि ओल्या गवतात तिचा पाय मुडपला. ती खाली बसली. आधी वाटलं घसरली, उठेल. ती उठली नाही. स्टँडमधला आवाज असा विरत गेला, की मला पहिल्यांदाच मैदानावरच्या मुलींच्या हाका ऐकू आल्या. फिजिओ धावत आले, बाकीच्या मुली भोवती जमल्या. शेवटी दोन्ही बाजूंनी आधार देत तिला बाहेर नेलं. एक पाय टेकत होता, दुसरा नाही.

माऊ उभी होती. पेन्सिल हातात, वही खाली पडलेली. रडली नाही. "तिची ओळ," एवढंच म्हणाली. मी वही उचलून तिच्या मांडीवर ठेवली. टाळ्या सुरू झाल्या, आजींनी वाजवल्या, सगळ्यांनी वाजवल्या, आणि खेळ पुढे सुरू झाला.

बांगलादेशच्या ९ बाद ११९ झाल्या. स्क्रीनवर आपल्यासाठी लक्ष्य आलं १२६. माऊ उसळलीच. "त्यांनी ११९ केल्या ना? मग १२० पाहिजेत!" पावसाने षटकं कमी झाली की लक्ष्य बदलणारं डकवर्थ-लुईसचं गणित आठ वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? मी म्हटलं, समज तुझा तीन तासांचा पेपर आहे. तू सावकाश, नीट अक्षरात लिहितेयस. आणि मध्येच बाई आल्या आणि म्हणाल्या, आता अर्ध्याच वेळात द्या. तुला आधी माहीत असतं तर तू सुरुवातीपासून भरभर लिहिलं असतंस की नाही? तसं बांगलादेशने २७ पेक्षा बरीच जास्त षटकं आहेत असं समजून सुरुवात केली होती, म्हणून त्यांना थोड्या धावा वाढवून दिल्या. तिने विचार केला. "म्हणजे ते सहा मार्क ग्रेसचे." अगदी तसंच.

मध्यंतरात तिने पुढच्या पानावर आपली नावं लिहून ठेवली होती. १. स्मृती, २. प्रतीका. आपली जोडी मैदानात उतरली तर स्मृतीबरोबर होती अमनजोत. माऊ बराच वेळ पेन्सिल धरून बसली. मग प्रतीकाच्या नावावर एक रेघ मारली, अगदी बारीक, आणि वर अमनजोत लिहिलं. रेघेखालचं नाव अजून नीट वाचता येतं.

८.४ षटकं झाली आणि पाऊस परत आला. बिनबाद ५७. यावेळी आम्ही थांबलो, थांबलो, आजींनी नातवाला स्वेटर घातला, कोचिंगच्या मुली एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. अखेर घोषणा झाली, सामना रद्द, निकाल नाही. दोघांना एक-एक गुण. मला भीती होती की माऊ हिरमुसेल. तिने विचारलं, "आता काय लिहायचं?" मी म्हटलं, तेच, निकाल नाही. तिने ते वळणदार अक्षरात लिहिलं आणि खाली तारीख टाकली.

परतीच्या लोकलमध्ये तिने ताळा करायला घेतला. दुसरा डाव पटकन जमला. स्मृती ३४, अमनजोत १५, वरच्या ८ अवांतर, झाल्या ५७. तुर्भे येईपर्यंत खूश होती. मग पहिला डाव. तो काही केल्या जुळेना. ऐरोलीला तिने माझ्यापुढे पान धरलं आणि बोट ठेवलं. एकविसावं षटक, गोलंदाज दीप्ती. एक चौकोन रिकामा होता.

घरी पोचलो तेव्हा बाबा जागे होते. त्यांनी टीव्ही बघत जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर सगळी मॅच लिहून काढली होती, ते सवयीने लिहितातच. माऊने वही पुढे केली. बाबांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली, चांदणीवर थांबले, पुढे गेले, रिकाम्या चौकोनावर आले. "हा राहिला," म्हणत त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "माझ्याकडे आहे. लिही."

"मी बघितलंच नाही, आजोबा," माऊ म्हणाली. "मी तिच्याकडे बघत होते."

माझ्या बाबांच्या वहीचा ताळा जुळला नाही असं मला तरी आठवत नाही. एका धावेसाठी ते समोरच्या संघाच्या स्कोअररबरोबर दिवेलागणीपर्यंत बसलेले मी पाहिले आहेत. त्यांनी पेन्सिल घेतली, पानाच्या तळाशी जिथे ताळ्याची सही करतात तिथे आपली सही केली आणि वही मिटून तिला दिली. चौकोन रिकामाच आहे.

प्रतीकाच्या घोट्याची दुखापत मोठी निघाली, ती वर्ल्ड कपमधून बाहेर गेली. तिच्या जागी शेफाली वर्माला बोलावलं. ३० तारखेला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ३३८ चा पाठलाग आपण घरच्या सोफ्यावर बसून बघतोय याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जेमिमाच्या नाबाद १२७ ला आमच्या इमारतीत खिडक्या-खिडक्यांतून ओरडा झाला. फायनलची तिकिटं मिळाली नाहीत. २ नोव्हेंबरलाही पावसाने उशीर केला, मॅच पाच वाजता सुरू झाली. त्या शेफालीनेच ८७ धावा केल्या आणि दोन विकेटही घेतल्या. माऊ तिच्यावर रुसून बसली होती, पण ओळ मात्र तिने एकही टिंब न चुकवता भरली. रात्री बारा वाजून गेल्यावर कर्णधार हरमनप्रीतने शेवटचा झेल घेतला. बाबा उभे राहिले, गुडघ्यांसकट. खाली फटाके सुरू झाले, दिवाळीचे उरलेले.

मग जल्लोष दाखवत असताना गर्दीतून एक व्हीलचेअर पुढे आली. प्रतीका. पायाला बांधलेलं, चेहरा हसरा, भोवती सगळ्या मुली. माऊ सोफ्यावरून उतरली, टीव्हीच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली आणि तिने उजवा हात सरळ वर केला. कॅमेरा दुसरीकडे वळेपर्यंत खाली आणला नाही.